अंधाऱ्या खोलीतले दादासाहेब फाळके

शाळेत असताना सामान्य विज्ञानाच्या पुस्तकात आपण सर्वांनीच एक धडा शिकलेला असतो. बर्फाचे पाणी होणे हा भौतिक बदल आणि कागद जळणे हा रासायनिक बदल. दोन रकाने पाडा आणि खालील उदाहरणांचे वर्गीकरण करा, असा प्रश्न त्या धड्यावर हमखास विचारला जातो. दहावी झाली, कला शाखेत नाव घातले, की आपण तो धडाही मागे टाकतो आणि तो प्रश्नही. विज्ञान हा शेजारच्या इमारतीतला विषय, अशी आपली समजूत होऊन बसते. प्रस्तुत लेखात मी ज्या पुरुषाचे चरित्र सांगणार आहे, तो खरे पाहता आपल्याच शाखेचा. तो चित्रकार होता, नाटकवेडा होता, शास्त्रीबुवांचा मुलगा होता. परंतु त्या दोन रकान्यांतला फरक त्याला जन्मभर हातांनी हाताळावा लागला, आणि त्याच्या मागे त्याच्या कलाकृतींचे जे झाले तेही त्याच फरकामुळे झाले. हा पुरुष म्हणजे भारतीय चित्रपटाचे जनक धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके.

चरित्राकडे वळण्यापूर्वी त्या धड्याची थोडी उजळणी केली पाहिजे. मीठ पाण्यात विरघळते, मेण वितळते, पाण्याची वाफ होते. या साऱ्यांत वस्तूचे रूप पालटते, पण पदार्थ तोच राहतो. पाणी आटवले की मीठ खाली उरते आणि त्याची चव खारटच असते. याउलट दुधाचे दही होते, विळ्याला गंज चढतो, तव्यावरच्या भाकरीला तांबूस डाग पडतात. येथे जुना पदार्थ मोडून नवा तयार झालेला असतो. पुष्कळजण याची सोपी खूण सांगतात, की जो बदल मागे फिरतो तो भौतिक आणि जो फिरत नाही तो रासायनिक. ही खूण पाठांतराला बरी, पण ती पुरी खरी नाही. हातातून पडून कपाचे चार तुकडे झाले, तर तो कप पुन्हा सांधत नाही. तरीही तो बदल भौतिकच, कारण प्रत्येक तुकडा चिनी मातीचाच राहतो. नवा पदार्थ निर्माण झाला की नाही, हीच खरी कसोटी. आणि हे नुसत्या डोळ्यांना नेहमी कळतेच असे नाही. फाळक्यांच्या आयुष्यातून शिकण्यासारखी गोष्ट मला वाटते ती हीच.

फाळक्यांचा जन्म नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथे ३० एप्रिल १८७० रोजी झाला. वडील गोविंदशास्त्री हे संस्कृतचे विद्वान. पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवण्याची जागा त्यांना मिळाली आणि कुटुंब मुंबईस आले. मुलाचा ओढा मात्र पोथीपेक्षा रंगांकडे आणि नाटकांकडे अधिक. १८८५ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. तेथील शिक्षणानंतर थोरल्या भावाबरोबर तो बडोद्यास गेला आणि महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९० साली स्थापन केलेल्या कलाभवनात दाखल झाला.

कलाभवन हे नाव ऐकून आपल्यासमोर फक्त चित्रे आणि पुतळे उभे राहतात. परंतु त्या संस्थेचे प्रमुख होते प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर, आणि ते होते रसायनशास्त्रज्ञ. रंगकाम, छपाई, छायाचित्रण या साऱ्या कलांच्या मुळाशी रसायन आहे, अशी त्यांची दृष्टी होती. या गज्जरांचे आपल्या पुण्याशीही एक अप्रत्यक्ष नाते आहे. १८९६ साली चिंचवडच्या दामोदर हरी चापेकरांनी मुंबईतील राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले. ते डांबर काही केल्या निघेना. अखेर ते काढून दाखवले गज्जरांनी. चापेकरांचे देशप्रेम आणि गज्जरांची विद्या यांची तुलना करण्याचे येथे कारण नाही. मात्र त्या पुतळ्यापुढचा पेच आपल्या विषयाचाच होता. डांबर दगडाच्या अंगावर आणि त्याच्या बारीक छिद्रांत जाऊन बसलेले. दगड मात्र आतून तोच. ओट्याच्या संगमरवरावर लिंबू पिळले तर तेथील झिलई जाते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते, कारण आम्ल संगमरवराशीच भांडते आणि दगडच खाते. म्हणजे डाग तर जावा, पण दगडाच्या जातीत बदल होऊ नये, अशी ती तारेवरची कसरत होती. अशा गुरूच्या हाताखाली फाळके तयार झाले. कलाभवनातील छायाचित्रणाची प्रयोगशाळा गज्जरांनी त्यांना वापरावयास दिली, पुढे रतलामला जाऊन तीनरंगी ठसे करण्याची विद्याही फाळक्यांनी आत्मसात केली.

अंधाऱ्या खोलीशी फाळक्यांचा संबंध आला तो येथे. मोबाईलवर फोटो काढणाऱ्या आमच्या पिढीला ही खोली ठाऊक नाही, म्हणून तेथे काय चालत असे ते थोडक्यात सांगतो. काचेवर किंवा फितीवर सरसाचा पातळ थर असे आणि त्यात चांदीच्या क्षारांचे, मुख्यतः सिल्व्हर ब्रोमाइडचे, सूक्ष्म कण पसरलेले असत. कॅमेऱ्याचे झाकण क्षणभर उघडले की प्रकाश या कणांवर पडतो. त्या क्षणी कणांत बदल घडतो, पण इतका सूक्ष्म, की काच बाहेर काढून पाहिली तर ती पहिल्यासारखीच दिसेल. यालाच सुप्त प्रतिमा म्हणतात. डोळा सांगतो काही झाले नाही. वस्तुतः जे व्हायचे ते होऊन चुकलेले असते. मग अंधारात ती काच डेव्हलपरच्या द्रावणात बुडवली की प्रकाश लागलेल्या कणांची शुद्ध चांदी होते आणि ही बारीक चांदी काळी दिसते. न बदललेले कण हायपो नावाच्या क्षाराच्या द्रावणात टाकून काढून घ्यावे लागतात. तसे केले नाही, तर बाहेर आल्यावर तेही हळूहळू काळवंडतात. शेवटी भरपूर पाण्याने धुणे. या धुण्यात कुचराई झाली आणि हायपोचा अंश मागे राहिला, तर वर्षानुवर्षांनी त्यातील गंधक चांदीला धरते आणि चित्र पिवळट तपकिरी पडते. आमच्या घरी आजोबांचा एकमेव फोटो पत्र्याच्या पेटीत आहे. तो असाच पिवळा पडला आहे. जुना झाला म्हणून पिवळा पडला, असे आम्ही म्हणत आलो. पण केवळ वय वाढल्याने काही पिवळे पडत नसते. दर वर्षी थोडी थोडी चांदी दुसरा पदार्थ बनत गेली, हे त्याचे खरे कारण असावे.

शिक्षण आटोपल्यावर फाळक्यांनी गोध्रा येथे छायाचित्रकाराचा व्यवसाय मांडला. तेथे नियतीने मोठा घाला घातला. प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि अपत्य दोघेही गेली. फाळके बडोद्यास परतले. त्यातच फोटो काढला की माणसाच्या अंगातील शक्ती कॅमेरा ओढून घेतो, असा समज त्या काळी लोकांत पसरलेला होता. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेना. समज अर्थातच खुळा होता. पण कॅमेऱ्यात काहीतरी गूढ घडते एवढे लोकांनी ओळखले होते. फक्त ते माणसाच्या अंगात घडत नसून काचेवरच्या चांदीत घडते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

याच दिवसांत फाळक्यांनी जादूचे प्रयोग शिकून घेतले आणि पुढे ते प्रोफेसर केळफा या नावाने करूनही दाखवले. हे नाव मोठे गमतीचे आहे. फाळके हीच अक्षरे उलट्या क्रमाने वाचली की केळफा होते. एकही अक्षर नवे नाही, एकही गळाले नाही. केवळ मांडणी फिरली. जादूगाराची सारी विद्याही अशीच असते. रुमालाचे कबूतर झाले असे प्रेक्षकांना वाटते, पण रुमाल रुमालच राहतो आणि कबूतर आधीपासून कबूतरच असते. येथे डोळा सांगतो सर्व पालटले, आणि वस्तुतः काहीच पालटलेले नसते. एकाच माणसाच्या हाती एका बाजूला जादू आणि दुसऱ्या बाजूला अंधारी खोली असावी, हा मोठाच योग म्हटला पाहिजे. एकीकडे डोळ्याला बदल दिसे पण तो झालेला नसे. दुसरीकडे बदल झालेला असे पण तो दिसत नसे. या दोन्ही विद्या ज्याला साधल्या, त्यानेच पुढे पडद्यावर देव प्रकट केले.

१९०२ साली फाळक्यांचा दुसरा विवाह झाला. या पत्नी म्हणजे सरस्वतीबाई. त्यांचा उल्लेख पुढे सविस्तर येईलच. १९०३ साली फाळके पुराणवस्तू संशोधन खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरीस लागले. परंतु स्वदेशीच्या त्या वातावरणात सरकारी नोकरीत त्यांचे मन रमेना. १९०६ च्या सुमारास ती सोडून त्यांनी लोणावळ्यास छापखाना काढला. तो पुढे दादरला हलला आणि लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स या नावाने प्रसिद्धीस आला. १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी ते जर्मनीस जाऊन आले. तीनरंगी छपाईतही डोळ्याची फसवणूक असतेच. पिवळे आणि निळे ठिपके कागदावर शेजारी शेजारी किंवा थोडे एकमेकांवर छापले की लांबून पान हिरवे दिसते. भिंग घेऊन पाहिले तर पिवळा ठिपका पिवळाच आणि निळा निळाच. नवा पदार्थ झालेला नाही. आजही वर्तमानपत्रातील रंगीत चित्रावर भिंग धरून कोणालाही हे पाहता येईल.

भागीदारांशी मतभेद होऊन फाळके छापखान्यातून बाहेर पडले. वय चाळिशीचे, हाती उद्योग नाही, घरात मुलेबाळे. अशा वेळी मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालतो-बोलतो, तर आपले राम-कृष्ण का चालू नयेत, या एका विचाराने त्यांना झपाटले. मग रात्रंदिवस चित्रपट पाहणे, पुस्तके वाचणे, घरी प्रयोग करणे सुरू झाले. या अतिश्रमाने त्यांची दृष्टी काही काळ गेली. योग्य उपचारांनी आणि चष्म्याच्या साहाय्याने ती परत आली, हे आपले सर्वांचे भाग्य. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला निघाले. तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांनी चित्रपटनिर्मितीची माहिती करून घेतली. विल्यमसन बनावटीचा कॅमेरा आणि फितीला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची खरेदी केली आणि १ एप्रिल १९१२ रोजी ते परतले.

भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी एक छोटीशी फिल्म केली होती. तिचा नायक होता वाटाण्याचा दाणा. कुंडीत वाटाणा पेरून, कॅमेरा एका जागी रोखून, महिनाभराहून अधिक काळ ते थोडे थोडे चित्रण करीत राहिले. मग मिनिटभरात पडद्यावर दाणा अंकुरताना आणि वेल वर चढताना दिसू लागला. आपल्या धड्याच्या दृष्टीने याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. मिसळीसाठी आपण मटकी रात्री भिजत घालतो. सकाळपर्यंत ती टपोरी फुगते. हे फुगणे बव्हंशी भौतिक. मेलेला दाणादेखील पाणी पिऊन फुगतो. त्यानंतर फडक्यात बांधून ठेवली की मोड येतात आणि मोड आलेली मटकी किंचित गोड लागते, कारण आतल्या पिठूळ साठ्याची साखर होऊ लागलेली असते. हा रासायनिक बदल आणि तो जिवंत दाण्यातच घडतो. पहिला बदल कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला, हे ताटावर बसलेल्याला कधीच दिसत नाही. फाळक्यांनी महिन्याचे मिनिट करून निदान त्याचा बाहेरचा देखावा लोकांना दाखवला.

आता राजा हरिश्चंद्र. दादरच्या राहत्या बंगल्यातच या चित्रपटाची अंधारी खोली होती. (तो रस्ता आज दादासाहेब फाळक्यांच्याच नावाने ओळखला जातो.) भांडवलासाठी सरस्वतीबाईंचे दागिने गेले. पण त्यांचा वाटा दागिन्यांवर थांबला नाही. त्या काळी कोऱ्या फितीला कडेची छिद्रे नसत; ती अंधारात चाचपून घरीच पाडावी लागत. ते काम सरस्वतीबाई करीत. फिल्म धुण्याची रसायने त्या तयार करीत, उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांवर उजेड पाडीत आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याच हातचा असे. मला तर वाटते, की त्या घरात दोन स्वयंपाकघरे होती आणि दोन्हींत एकच बाई राबत होती. प्रमाण चुकले, वेळ चुकली, पाण्याची उष्णता चुकली, तर एका ठिकाणी भाजी बिघडणार आणि दुसऱ्या ठिकाणी दिवसभराचे चित्रण जाणार. छिद्रे वाकडी पडली तर ती भौतिक चूक, फीत कापून वाया गेली तेवढेच. पण खोलीत उजेडाची तिरीप शिरली तर साऱ्या फितीवरची चांदी एकदम बदलून बसे, आणि ते नुसते पाहून कळायचेही नाही. आपल्या चित्रपटाच्या इतिहासात सरस्वतीबाईंना पडद्यामागची स्त्री म्हणून दोन ओळी मिळतात. त्यांना या देशातील पहिल्या चित्रपट-तंत्रज्ञांत गणले पाहिजे.

स्त्रीभूमिका करण्यास स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात स्वयंपाकी असलेले अण्णा साळुंके तारामती झाले. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले आणि फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरात निवडक मंडळींसमोर खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात चित्रपट लोकांसाठी लागला. त्याच वर्षी मोहिनी भस्मासुर आला आणि त्यात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका करून पडद्यावर स्त्रियांचे पाऊल टाकले. फाळक्यांनी नंतर आपले बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला हलवला. १९१७ चा लंकादहन, १९१८ चा श्रीकृष्णजन्म, १९१९ चा कालियामर्दन असे त्यांचे चित्रपट तुफान चालले. लंकादहनात साळुंके राम आणि सीता दोन्ही झाले, कालियामर्दनात फाळक्यांची कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली. कॅमेरा मध्येच थांबवून वस्तू बदलणे, एकाच फितीवर दोनदा चित्रण करणे, या युक्त्यांत केळफाची जादू आणि गज्जरांचे रसायन हातात हात घालून उतरले होते.

उतरणीचा काळही आला. १९१८ साली भांडवलदारांसमवेत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, पण पैशावाल्यांशी कलावंताचे पटले नाही. फाळके काही काळ काशीला जाऊन राहिले आणि तेथे त्यांनी रंगभूमी हे नाटक लिहिले. पुन्हा परतून त्यांनी चित्रपट केले. परंतु १९३१ साली बोलपट आला आणि मूकपटाची दुनिया पाहता पाहता मावळली. १९३७ साली कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला गंगावतरण हा त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा चित्रपट. ९५ कथापट आणि २७ लघुपट, अशी त्यांच्या कामाची गणती सर्वसाधारणपणे दिली जाते. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे हा पुरुष विपन्नावस्थेत निवर्तला. १९६९ साली भारत सरकारने त्यांच्या नावाने चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च पुरस्कार सुरू केला.

सामान्यतः चरित्र येथे संपते. परंतु फाळक्यांच्या बाबतीत खरी शोकांतिका यापुढेच आहे आणि ती दोन रकान्यांच्या धड्यावाचून समजत नाही. त्यांच्या काळातील फीत सेल्युलोज नायट्रेटची असे. कापसासारख्या पदार्थावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून आणि त्यात कापूर मिसळून ही पारदर्शक, लवचिक पट्टी तयार होई. दिसायला सुंदर, पण स्वभावाने घातकी. ती जळू लागली की बाहेरच्या हवेची वाट पाहत नाही. प्राणवायू तिच्याच अंगात बांधलेला असल्याने ती पाण्याखालीसुद्धा जळत राहते. आणि जाळली नाही तरी ती सावकाश मोडत असते. मोडताना तिच्यातून नायट्रोजनचे वायू निघतात, दमट हवेत त्यांचे आम्ल होते आणि ते आम्ल उरलेल्या फितीला आणखी मोडते. डबा घट्ट बंद असेल तर वायू आतच कोंडून हे काम अधिक जोरात चालते. प्रथम चित्र फिके होते, मग फीत चिकट होते, वेटोळी एकमेकांस धरतात, फेस येतो आणि शेवटी उरते तपकिरी भुकटी. भुकटीच्या अवस्थेपूर्वी बराच काळ डबा बाहेरून अगदी ठीक दिसतो. फडताळात रीळ नीट ठेवले आहे, या समाधानात मालक निजतो आणि आत हरिश्चंद्राचे राज्य जात असते.

हे झिजण्यापेक्षा वेगळे आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. प्रक्षेपण यंत्रात फिरून फितीवर ओरखडे पडतात, ती तुटते, छिद्रे फाटतात. हे भौतिक नुकसान. तुटलेली फीत जोडता येते, ओरखड्यांतूनही चित्र दिसते. रासायनिक बदल झालेल्या फितीत जोडायला काही उरतच नाही. कित्येक जुन्या मूकपटांच्या फिती तर चांदीसाठी विकल्या गेल्या. सरस्वतीबाईंचे सोने सोनाराने वितळवले असेल तर सोन्याचे सोनेच राहिले. फितीतली चांदीही रसायनांनी परत मिळते, तिचा एक कणही नाहीसा होत नाही. वस्तुमान नष्ट होत नाही हे फ्रान्सच्या लाव्हाझिएने १७८९ च्या आपल्या ग्रंथात मांडलेलेच आहे. पण परत मिळते ती चांदी, तारामती नव्हे. द्रव्य टिकते आणि चित्र जाते.

फाळक्यांच्या शंभरावर कृतींपैकी आज फारच थोडे हाती आहे. राजा हरिश्चंद्राचा जो काही मिनिटांचा भाग आपण पाहतो, तोसुद्धा १९१७ साली पुन्हा केलेल्या आवृत्तीचा असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. जे वाचले ते वाचवण्याचे श्रेय बऱ्याच अंशी आपल्या शहराला जाते. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. त्याचे पहिले संग्राहक पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून जुन्या फिती मिळवल्या, त्यांत फाळक्यांच्याही होत्या. कालियामर्दन आज जवळजवळ सलग पाहता येतो तो या धडपडीमुळे. अशा फितीवरची चित्रे न पेटणाऱ्या नव्या फितीवर उतरवून घेणे, नायट्रेटच्या मूळ फिती थंड आणि कोरड्या जागी वेगळ्या ठेवणे, हाच त्यावरचा उपाय. थंडीने रासायनिक बदल थांबत नाही, मंदावतो. दुधाचे भांडे फ्रीजमध्ये ठेवतो त्यामागचे कारण हेच.

तरीही ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात, पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या आवारात ठेवलेल्या नायट्रेट फितींना आग लागली आणि अनेक जुन्या चित्रपटांच्या मूळ फिती त्यात गेल्या. ज्यांच्या प्रती आधी निघाल्या होत्या ते चित्रपट राहिले. इतरांची राख झाली. कर्वे रस्ता आणि लॉ कॉलेज रस्ता यांवरून आपण रोज कॉलेजला ये-जा करतो. एवढ्या जवळ ही घटना घडली, आणि आमच्या वर्गातील फारच थोड्यांना ती ठाऊक होती.

मित्रहो, हे सारे सांगण्याचा हेतू फाळक्यांबद्दल हळहळ व्यक्त करावी एवढाच नाही. आमच्यासारख्यांच्या घरात ग्रंथसंग्रह नसतो, दप्तरे नसतात. आजी-आजोबांची आठवण म्हणून असतो एखादा फोटो, एखादे वतनाचे कागदपत्र, क्वचित कुणाच्या लग्नात भरलेली कॅसेट. ते सर्व पत्र्याच्या पेटीत, कुलूप लावून, सुरक्षित म्हणून ठेवलेले असते. पण कुलूप चोराला अडवते, ओलाव्याला आणि आम्लाला अडवत नाही. कागद फाटला तर डिंकाने चिकटवता येईल, घडी पडली तर सपाट करता येईल. त्यासाठी वेळ आहे. शाई उडू लागली, फोटो पिवळा होऊ लागला, तर मात्र वेळ नाही. तो कोरड्या जागी, साध्या कागदात गुंडाळून ठेवावा आणि आजच त्याची एक प्रत काढून घ्यावी. हे काम करण्यास विज्ञान शाखेची पदवी लागत नाही; शाळेतला एक धडा आठवणीत असला म्हणजे पुरते.

इतिहास, मराठी, संस्कृत हे आपले विषय जुन्या वस्तूंवर जगतात. ती वस्तू कशाची केली आहे आणि आत्ता या घटकेला तिचे काय होत आहे, हा प्रश्न जो विचारत नाही त्याच्या हाती उद्या केवळ यादी उरेल. फाळक्यांच्या बहुतेक चित्रपटांची आज यादीच उरली आहे. त्यांनी डोळ्यांना न दिसणाऱ्या बदलातून चित्र निर्माण केले आणि तसल्याच न दिसणाऱ्या बदलाने ते नेले. जी काही मिनिटे उरली आहेत ती पुढच्या पिढीने पाहावीत असे वाटत असेल, तर कला आणि विज्ञान या दोन इमारतींमधले अंगण आपण अधूनमधून ओलांडले पाहिजे.

— द्वितीय वर्ष, कला